गच्चीच्या नकाशात उन्हालाही जागा द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : मोठ्या भटारखान्यांच्या इमारतींत सूर्यकिरण एकवटणारी यंत्रणा नकाशापासूनच धरण्याबाबत.

महोदय,



डिसेंबर 2020मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांनी आधी तिचे तेरावे प्रकरण उघडले. सौर पाणीतापक, छतावरची सौर वीज, पावसाच्या पाण्याची साठवण, सांडपाण्याचा फेरवापर हे सगळे तिथे एकाखाली एक आले आहे. गावोगावच्या वेगवेगळ्या नियमांचा गुंता त्यामुळे पुष्कळ सुटला. पण उन्हापुरते बोलायचे तर त्या प्रकरणाचा भर दोन कामांवर आहे: अंघोळीचे पाणी तापवणे आणि वीज करणे. तिसरे काम बाजूला राहिले. आरशांनी ऊन एका ठिकाणी गोळा करायचे, तिथे पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर शेकडो-हजारो माणसांचा स्वयंपाक, रुग्णालयातली धुलाई, हत्यारांचे निर्जंतुकीकरण चालवायचे.

मी वसतिगृहे, रुग्णालये, देवस्थाने यांच्यासाठी वाफेच्या यंत्रणा आखते. त्या कामातून झालेले एकच मत या पत्रात मांडायचे आहे. हे आरसे इमारत उभी राहिल्यावर खरेदी करायची वस्तू म्हणून आले की बहुतेक वेळा फसतात. जिना, पाण्याची टाकी, छज्जा यांच्यासारखे इमारतीचा भाग म्हणून आखले गेले की टिकतात. ऊर्जेच्या खात्याने अनुदान द्यावे, चाचण्या घ्याव्यात, ते त्याने केलेही. पण इमारतीचा भाग कशाला म्हणायचे हे आपल्या विभागाची नियमावली ठरवते. म्हणून हे पत्र आपल्याला.

ही कल्पना मुंबईला नवी नाही. विल्यम ॲडम्स नावाचा मुंबई उच्च न्यायालयातला एक अधिकारी 1870च्या दशकात कुलाब्याला आपल्या आवारात आरसे मांडून बसला होता. गिरण्यांचा कोळसा तेव्हा बोटीने यायचा. ॲडम्सने सपाट आरशांचे तुकडे जोडून उन्हाची चूल केली, मग बॉयलर तापवला, आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून लोकांना दाखवले. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी ऊन वापरावे, असे सांगणारे त्याचे इंग्रजी पुस्तक 1878 साली मुंबईतच निघाले.

अलीकडचा इतिहास आपल्या राज्याला अभिमान वाटावा असा आहे. आयआयटी मुंबईतले प्रा. शिरीष केदारे आणि क्लिक ही कंपनी यांनी मिळून 160 चौरस मीटर आरशांची ‘अरुण’ ही अजस्र डिश घडवली. 2006च्या सुमारास ती लातूरला महानंद दूधसंघाच्या प्रकल्पात दूध तापवण्यासाठी बसली. एवढा मोठा आरसा असूनही तिचा खांब जमिनीवर जेमतेम तीन बाय तीन मीटर जागा घेतो. 2009मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने प्रसादालयाच्या छतावर प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 शेफलर डिश बसवल्या; रोज सुमारे वीस हजार भक्तांचे जेवण वाफेवर शिजवण्याचा तो बेत होता. त्याआधी राजस्थानात अबू रोडला ब्रह्माकुमारींनी आणि आंध्रात तिरुमला देवस्थानाने हाच मार्ग धरला होता. 2012 ते 2017 या काळात केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने याच तंत्रासाठी स्वतंत्र प्रकल्प राबवला, आणि अशा आरशांची चाचणी घेणारे एक केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात उभे राहिले.

म्हणजे शास्त्र घरचे, यंत्र घरचे, अनुदान होते, चाचणीची सोय होती. तरीही आज एखादे पाचशे मुलांचे वसतिगृह बांधायला घेतले, तर त्याच्या नकाशात यातले काहीही दिसत नाही. का दिसत नाही, हे समजायला एक डिश जवळून पाहावी लागते.

शेफलर डिशला नाव मिळाले ते व्होल्फगांग शेफलर या संशोधकावरून. 1980च्या दशकात त्याने ही डिश प्रथम केनियात बनवली आणि आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. साधी अंतर्वक्र डिश सूर्याकडे वळते तसा तिचा केंद्रबिंदूही फिरतो, मग चुलीने त्याच्या मागे फिरायचे की काय? शेफलरने मोठ्या अंतर्वक्र आरशाचा कडेचा एक तुकडाच वापरला आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर फिरवला. तासाला पंधरा अंश. त्यामुळे ऊन दिवसभर एकाच जागी पडते आणि तिथे वाफेचा रिसीव्हर कायमचा बसवता येतो. अशा दोन डिश समोरासमोर ठेवून मधे एक रिसीव्हर देतात. एक उभी, एक आडवी. आमच्या बोलीत ‘स्टँडिंग’ आणि ‘स्लीपिंग’. रिसीव्हरच्या डोक्यावरून एक जाड हेडर पाइप जातो, तो पाण्याने अर्धा भरलेला असतो. पाणी आपल्या वजनाने खाली उतरते, तापून वाफ झाली की वर येते, पंप लागत नाही. सकाळी ऑपरेटर डिश सोडतो तेव्हा परातीएवढा एक पांढराशुभ्र डाग भिंतीवरून सरकत रिसीव्हरवर जाऊन बसतो. थोड्या वेळाने हेडर कुरकुरायला लागतो. मग खाली भटारखान्यात वाफेचा व्हॉल्व्ह उघडला की दुहेरी भिंतीच्या मोठ्या टोपात भात, डाळ, भाजी शिजते. तळाला लागत नाही, करपत नाही, आणि आचाऱ्याच्या तोंडावर ज्योतीची धग येत नाही. ऋतूप्रमाणे सूर्य वर-खाली सरकतो तसा आरशाचा कल आणि वाकही हाताने थोडा बदलावा लागतो.

फायदा किती, त्याचा ढोबळ हिशेब सांगते. 16 चौरस मीटरचा आरसा तिरका असल्यामुळे उन्हाला सामोरा येतो तो भाग ऋतूप्रमाणे 9 ते साडेतेरा चौरस मीटरच. निरभ्र दिवशी सहा तासांत त्यावर पडणाऱ्या उन्हातली निम्मी उष्णता वाफेत उतरली, तरी गॅसच्या बॉयलरमधला सुमारे अडीच किलो गॅस वाचतो. आठ डिशमागे दिवसाला 19 किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर. देवस्थानाच्या किंवा मोठ्या वसतिगृहाच्या मुदपाकखान्याला हा आकडा किरकोळ नाही.

आता एका मोठ्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाहिलेले चित्र. इमारत चार मजली, भटारखाना तळमजल्यावर, आणि डिश बसवायची ठरली ती इमारत पूर्ण झाल्यानंतर काही वर्षांनी. गच्चीवर दक्षिणेला पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची मशिनरूम आधीच उभी. मोकळी जागा उरली ती त्यांच्या उत्तरेला, म्हणजे नेमकी सावलीत. डिशच्या पायांसाठी गच्चीचा पाणी अडवणारा ब्रिकबॅट कोबा फोडून स्लॅबमध्ये बोल्ट मारले. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोल्यांत ओल आली आणि दोष अर्थातच ‘त्या सोलर’ला लागला. वाफेचा पाइप न्यायला डक्ट नव्हती, म्हणून तो बाहेरच्या भिंतीवरून चार मजले खाली आणला. वरच्या इन्शुलेशनचा पत्रा वाऱ्याने उचकटला आणि अर्धी वाफ वाटेतच पाणी व्हायला लागली. आरसे पुसायला गच्चीवर नळ नाही; ऑपरेटरने बादली घेऊन लोखंडी शिडीने वर चढायचे, शिडीवरच्या झडपेची किल्ली वॉर्डनकडे. आरशावर धूळ बसली की प्रकाश विखुरतो आणि रिसीव्हर कोमट राहतो. सहा महिन्यांत आचाऱ्यांचा विश्वास उडाला. त्यांनी गॅसच्या शेगड्या लावल्या त्या परत बंद केल्या नाहीत. देखभालीचा करार संपल्यावर नवा करण्याचे कोणाला सुचलेही नाही.

यातला एकही दोष आरशाचा नाही. टाकी कुठे ठेवायची, डक्ट कुठे काढायची, बोल्ट स्लॅब ओततानाच सोडायचे की नाही, नळ कुठे द्यायचा, हे सगळे निर्णय ज्या दिवशी नकाशा मंजूर झाला त्या दिवशीच झाले होते. फक्त ते घेताना आरशांचा विचार कोणी केलेला नव्हता.

टाकीचीच गोष्ट घ्या. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे 48 अंशांवर असतो. तीन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते, आणि सौरवेळेच्या सकाळी नऊला तीच सव्वापाच मीटर होते. उलट मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. टाक्या आणि मशिनरूम गच्चीच्या उत्तर कडेला नेल्या तर हिवाळ्यातली ही सगळी अडचण एका रेषेसरशी मिटते. कागदावर तिला एक पैसा लागत नाही. इमारत झाल्यावर टाक्या हलवायच्या म्हटल्या की लाखाच्या गोष्टी सुरू होतात.

इमारत आणि आरसे यांचे नाते याहून खोल आहे. आकाशातून येणारा उजेड दोन प्रकारचा: सूर्याकडून सरळ रेषेत येणारे थेट ऊन, आणि ढग, धूळ, हवा यांनी विखुरलेला उजेड. एकवटणाऱ्या आरशाला फक्त पहिला चालतो. हे त्याचे वैगुण्य म्हणून सांगितले जाते, आणि जून ते सप्टेंबर हे महिने आपल्याकडे त्याला जवळजवळ सुट्टीच असते, हे खरेच आहे. पण तेच ऊन खोलीच्या दृष्टीने पाहा. थेट ऊन खिडकीतून आत आले की डोळे दिपतात आणि खोली तापते. विखुरलेला उजेड मात्र हवाहवासा, वाचायला-लिहायला उत्तम. आपण छज्जा काढतो, जाळी लावतो, पडदे ओढतो ते नेमके पहिला अडवून दुसरा आत घेण्यासाठी. म्हणजे घराला जे नको, ते आरशाला हवे. छज्ज्याने अडवलेले ऊन आज नुसते भिंत तापवते. तोच छज्जा ऊन गोळा करणारा असेल तर एका वस्तूत सावली आणि उष्णता दोन्ही मिळतात. या क्षेत्रात नवी उत्पादने घडवणाऱ्यांना सगळ्यात मोठे मैदान इथे आहे.

तसे नमुने जगात आहेत. तमिळनाडूच्या सीमेवर ऑरोव्हिलच्या सामूहिक स्वयंपाकघरावर 15 मीटर व्यासाचा आरशांचा एक वाडगा आहे. हा वाडगा हलत नाही. तोच त्या इमारतीच्या छताचा भाग आहे. हलतो तो फक्त वर टांगलेला लांबट रिसीव्हर. वाफ कमी पडली तर बॉयलर जोडीला आहे. हजारभर माणसांच्या जेवणाला या वाफेने हातभार लावावा, अशी ती योजना. इमारत आणि यंत्र एकत्र आखले की कसे दिसते, हे वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी बसभाडे खर्चून पाहावे असे आहे. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ एका औषध कारखान्याच्या सपाट छतावर 2015मध्ये लांबट, जवळजवळ सपाट आरशांच्या पट्ट्या बसल्या. फ्रेनेल म्हणतात त्या प्रकारच्या. त्या छतापासून फार वर उठत नाहीत, त्यामुळे वाऱ्याचा जोर कमी लागतो, आणि खालच्या छतावर आपोआप सावली पडते. आपल्या गच्चीवर मांडवासारख्या उभ्या करता येतील अशा या पट्ट्या आहेत.

याहून साधा प्रकार अमेरिकी शास्त्रज्ञ रोलंड विन्स्टन यांच्या संशोधनातून आला. दोन वक्र आरशांच्या कुशीत एक नळी ठेवायची. तीस अंश इकडे-तिकडे सूर्य हलला तरी ऊन नळीवर पडते. त्या बदल्यात ऊन दुप्पटच दाट होते, हजारपट नाही. पण सूर्यामागे फिरवण्याची यंत्रणाच लागत नाही. दक्षिणेच्या कठड्यावर, रॅम्पच्या कडेला, खिडकीच्या छज्ज्यावर बसेल अशी ही वस्तू आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सिलियर पॉलिटेक्निकमधल्या गटाने याच्या दुसऱ्या टोकाचा प्रयोग केला: काचेच्या दुहेरी भिंतीच्या आत सूर्यामागे वळणारी भिंगे टांगली. भिंगाखालचा छोटा सेल वीज करतो, सेलची उष्णता पाणी घेऊन जाते आणि विखुरलेला उजेड खोलीत येत राहतो. जपानमध्ये केई मोरी यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस गच्चीवर भिंगे ठेवून ऊन काचतंतूंतून खालच्या अंधाऱ्या खोल्यांत नेले; ‘हिमावारी’ या नावाने ते उपकरण विकले गेले. यातले सगळे आपल्याला परवडेल असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडे या कामाची सुरुवात आणि शेवट गच्चीवरच्या डिशशीच होतो, ही आपल्या कल्पनेची मर्यादा आहे.

आणि इमारत ऊन एकवटते ते आपण ठरवले तरच, असेही नाही. लंडनमध्ये फेंचर्च स्ट्रीटवरचा ‘वॉकीटॉकी’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा 2013 साली पूर्ण होत आला होता, तेव्हा त्याच्या अंतर्वक्र काचेने दक्षिणेच्या रस्त्यावर असे ऊन फेकले की तिथे लावलेल्या जग्वार गाडीचे भाग वितळले. एका वार्ताहराने त्याच ठिकाणी तव्यात अंडे तळून दाखवले. पुढच्या वर्षी काचांवर आडवे छज्जे बसवून तो प्रश्न मिटवावा लागला. त्याच वास्तुविशारदाने, राफाएल विन्योली यांनी, लास व्हेगासमध्ये आखलेल्या व्दारा हॉटेलच्या तलावाकाठी 2010 साली पाहुण्यांना अशाच एकवटलेल्या उन्हाचे चटके बसले होते. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे चकचकीत पोलादी पत्रे शेजारच्या घरांना भाजायला लागले म्हणून 2005मध्ये घासून निस्तेज केले गेले. बांद्रा-कुर्ला संकुल, हिंजवडी, बाणेर, सगळीकडे काचेचे मनोरे उठत आहेत. त्यांतला एखादा आतल्या बाजूला वळलेला निघाला तर आपल्या उन्हात काय होईल, याची तपासणी नकाशातच व्हायला हवी. जे भौमितिक गणित शिर्डीच्या भातासाठी वापरले, तेच उलट बाजूने लावायचे आहे.

आता सगळ्यात मोठ्या आक्षेपाचे उत्तर. सौर वीज आता इतकी स्वस्त झाली आहे की हे आरसे हवेत कशाला? पॅनेल लावा, नेट मीटरिंग घ्या, विजेवर वाफ करा. हा आक्षेप मला खोडायचा नाही, कारण तो बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे. पॅनेलला हलणारे भाग नाहीत, ते ढगाळ दिवशीही थोडेबहुत काम करतात, आणि भटारखाना बंद असेल तेव्हा त्यांची वीज ग्रिडमध्ये जाते. वाफ अशी शेजाऱ्याला देता येत नाही. त्याच्या समोर ठेवायचे ते एवढेच: एक चौरस मीटर पॅनेल भर उन्हात सुमारे 200 वॅट वीज देते, तेवढेच थेट ऊन पकडणारा आरसा 500 वॅटच्या आसपास उष्णता देतो. यातही एक मेख आहे. डिशच्या रांगांमध्ये एकमेकींची सावली पडू नये म्हणून मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे गच्चीच्या चौरस मीटरमागे हा फरक बराच पुसला जातो. म्हणूनच माझा आग्रह डिशवर नाही, आखणीवर आहे. छज्जा, मांडव, छत ही कामे करता करता ऊन गोळा करणाऱ्या वस्तूला स्वतःची वेगळी जागा लागत नाही, आणि तिथे हे गणित पुन्हा आरशाच्या बाजूला झुकते.

त्यामुळे सरसकट सक्तीची मागणी मी करणार नाही. कोकणात, पावसाळ्यातच गर्दी असलेल्या ठिकाणी, पन्नास माणसांच्या मेसला हे लादू नये. पाणी साठ अंशांपर्यंतच तापवायचे असेल तर साधा पाणीतापक पुरतो. जिथे वर्षभर, रोज, दुपारच्या आत वाफ लागते तिथे मात्र ही शक्यता नकाशात तपासली गेलीच पाहिजे: निवासी शाळा, मोठी वसतिगृहे, रुग्णालये, कारागृहे, अन्नछत्रे, दूधसंघ. सक्तीने काय होते ते आपण पाणीतापकांच्या बाबतीत पाहिले आहे. भोगवटा प्रमाणपत्रापुरता तापक गच्चीवर चढतो, आणि नंतर तो चालतो की नाही हे कोणी विचारत नाही.

माझ्या सूचना पाच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक कागदावरच्या आहेत.

पहिली, ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसांचा स्वयंपाक असलेल्या इमारतीच्या गच्चीच्या नकाशावर ‘उन्हाची जागा’ आखलेली असावी, आणि 21 डिसेंबरच्या सावल्या त्यावर दाखवलेल्या असाव्यात. टाक्या, मशिनरूम, मोबाइलचे मनोरे या जागेच्या उत्तरेला. ती जागा पुढे पॅनेलला दिली तरी चालेल, पण ती मोकळी आणि उन्हात राहिली पाहिजे.

दुसरी, भटारखान्यापासून गच्चीपर्यंत वाफेच्या आणि परतीच्या पाण्याच्या पाइपसाठी डक्ट असावी. त्याहून उत्तम म्हणजे भटारखाना मुख्य इमारतीला जोडून एकमजली ठेवावा आणि आरसे त्याच्याच छतावर यावेत. ऑरोव्हिलला आरसे असेच स्वयंपाकघराच्या छतावर आहेत.

तिसरी, बोल्ट आणि ओटे स्लॅबबरोबरच ओतले जावेत, वॉटरप्रूफिंगच्या आधी; आणि वाऱ्याचा भार आयएस 875च्या तिसऱ्या भागाप्रमाणे धरावा. त्या संहितेत मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर आहे, पुण्यासाठी 39. आरसा वादळात शिडासारखा वागतो, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या दिवशी सांगितले गेले पाहिजे. गच्चीवर पाण्याचा नळ, पायऱ्यांचा जिना आणि कामगाराला उभे राहायला सावली हेही याच कलमात येऊ द्या. आरसे रोज पुसले जाणार की नाही, हे या तीन गोष्टींवर ठरते.

चौथी, शासकीय खरेदीत पैसे आरशाच्या चौरस मीटरवर देऊ नयेत. मीटर लावून मोजलेल्या वाफेवर द्यावेत, निदान पाच वर्षांत विभागून. मग उत्पादकच असा आरसा आखेल जो दोन माणसे जिन्यातून वर नेऊ शकतात, ज्याची फुटलेली काच गावातला काचवाला कापून देऊ शकतो, आणि जो सूर्यामागे फिरायचा थांबला तर आपोआप उन्हाकडे पाठ करतो, शेजारच्या खिडकीत डाग फेकत नाही. चांगले उत्पादन निविदेच्या अटीतून घडते. आज अटी मापाच्या आहेत, कामाच्या नाहीत.

पाचवी, अंतर्वक्र काचेच्या किंवा चकचकीत धातूच्या दर्शनी भागाला परवानगी देण्याआधी वर्षभराच्या प्रतिबिंबाचा अभ्यास मागावा. संगणकावर हे काम फार मोठे नाही. लंडनमध्ये नंतर बसवलेल्या छज्ज्यांपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.

नियमावलीत असे फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966च्या कलम 37खाली होतात, आणि त्यासाठी हरकती व सूचना मागवल्या जातात, हे आपण जाणताच. प्रारूप निघाले तर वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि आमच्यासारखे पाइपवाले आपापला कागद घेऊन येतील. सोबत आचाऱ्यांनाही बोलवा. कोणत्या टोपाला किती वाफ लागते आणि सकाळी किती वाजता लागते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

पण प्रारूपाची वाट न पाहताही एक गोष्ट होऊ शकते. शासनाच्याच निधीतून बांधायच्या पुढच्या निवासी शाळेचा किंवा वसतिगृहाचा नकाशा मंजुरीला येईल, तेव्हा त्यावर शेरा मारून परत पाठवा: टाक्या उत्तरेला घ्या, भटारखान्याची डक्ट दाखवा, 21 डिसेंबरच्या सावल्या काढा. आरसे तिथे कधी बसोत वा न बसोत, त्या इमारतीचे यात नुकसान काहीच नाही. आणि बसवायचे ठरले, तर कोबा फोडावा लागणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
वाफेच्या यंत्रणा आखणारी एक अभियंता, पुणे